मम्मी, तू ऊस हो

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, शेजारच्या शेगडीवर दूध होतं, तव्यावरची चपाती फुगायच्या बेतात होती आणि आठला पाच कमी असताना व्हॅनवाले काका कोपऱ्यावर हॉर्न वाजवणार होते. अशा मुहूर्तावर आमचा थोरला, वय वर्षं सव्वाचार, वर शाळेचा शर्ट आणि खाली काहीच नाही अशा थाटात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मम्मी, तू ऊस हो."

मी म्हटलं, "आधी चड्डी घाल."

"हो ना गं ऊस!"

बारामतीत राहणाऱ्या बाईला 'ऊस हो' म्हणजे काय, हे विचारावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशी एकेका कारखान्याची धुराडी पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत आमचे रस्ते उसाचे होऊन जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि त्या सगळ्या घरघरीवर मात करणारी गाणी. मागे अडकलेला स्कूटरवाला पुढे निघायची फट शोधत असतो. त्याच्या पाठीशी बसलेलं पोर मात्र ट्रॉलीतलं एखादं कांडं हाताला लागतंय का ते बघत असतं. इथल्या मुलांना एबीसीडीच्या आधी टनेज कळतं.

मी हॉलमध्ये डोकावले. दारापासून सोफ्यापर्यंत घरातल्या झाडून साऱ्या चपला-बुटांची रांग लागली होती. ते कारखान्याचं यार्ड. सासूबाईंचा पाट हा वजनकाटा. सोफ्याखालची अंधारी फट ही ऊस गाळायला टाकायची गव्हाण. धाकटी, वय अडीच, माझ्या ओढणीने थोरल्याच्या कमरेला बांधलेली होती, म्हणजे ती ट्रॉली. कारखान्यात सगळं होतं, फक्त ऊस नव्हता.

मी आडवी झाले. अगदीच नाही म्हणायला नको म्हणून, अर्ध्या मिनिटापुरती. "गाळ रे बाबा मला पटकन," मी म्हटलं.

"नंबर लागल्याशिवाय गाळत नाही. यार्डात थांब."

"माझा नंबर कितवा?"

त्याने चपला मोजल्या. एकोणतीसपर्यंत तो बरोबर जातो. "दहावीस," तो म्हणाला.

दहावीस नंबर यायच्या आत दूध उतू गेलं. मी उठून धावले, तोवर चपातीही गेली होती. धूर हॉलपर्यंत आला तसा थोरल्याने नाक वर करून वास घेतला आणि आजोबांच्या सुरात सांगितलं, "मम्मी, ऊस जळला. आता कमी दर मिळणार."

खरंय. जळक्या उसाच्या बिलातून कपात होते.

गंमत अशी की हा सगळा मुलूख थांबण्यात मुरलेला आहे. आडसाली लागण केली की १६ ते १८ महिने ऊस रानात उभा. मग तोड कधी येते याची वाट. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला फोनावर फोन. टोळी आली तर ट्रॅक्टर नाही, ट्रॅक्टर आला तर पाऊस. तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं, आणि लांबून बघणाऱ्या शहरी पाहुण्याला ते तुरे फार सुंदर दिसतात. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं चहाचे घोट घेत सोसतात. त्याच घरात मी, त्यांची सून, पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या हप्त्यांच्या तारखा सांभाळणारी, चार वर्षांच्या पोराला चड्डी घालायला चार मिनिटं लागली की सात घरांना ऐकू जाईल असं ओरडते. पोरं ही आडसाली लागण आहे हे मला पटतं, पण आठला पाच कमी असताना पटत नाही.

एकदा मी ठरवलं की आता हे नीट करायचं. रविवारी अकरा ते साडेअकरा मुलांबरोबर खेळायचं. मोबाइलवर गजरसुद्धा लावला. अकराला मी पदर खोचून सतरंजीवर बसले आणि म्हटलं, "चला, खेळूया!" दोघं माझ्याकडे तपासणीला आलेल्या साहेबाकडे बघावं तशी बघत राहिली. थोरल्याने कपाटातून ठोकळ्यांचा डबा आणला, उघडून माझ्यासमोर ठेवला आणि तो अदबीने उभा राहिला. धाकटीने एक ठोकळा चाटून परत ठेवला. साडेअकराला गजर झाला तेव्हा तिघांनाही सुटल्यासारखं वाटलं. मी उठून भाजी चिरायला घेतली आणि दहाव्या मिनिटाला ओट्याखाली, माझ्या पायांशी, दवाखाना उघडला. मी नको म्हणत असताना मला इंजेक्शनं देण्यात आली.

हे मी जेवताना सांगितलं तर आबा हसले. "पाणी आपल्या सवडीनं येत नसतं," ते म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य नीरा डाव्या कालव्यावर गेलेलं. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा कोरडा मुलूख भाजून निघाला, त्यानंतर १८८० च्या दशकात इंग्रजांनी हा कालवा काढला, आणि तेव्हापासून बारामती-इंदापूरकडचा शेतकरी घड्याळापेक्षा आवर्तनाकडे जास्त बघतो. आवर्तन सुटलं, आपली पाळी आली की रात्रीचे दोन असोत नाहीतर घरात लग्न असो, बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचं. एका सरीचं पाणी भरलं की दार मोडून दुसऱ्या सरीत घ्यायचं. "उद्या येतो, आज जरा काम आहे" असं कालव्याला सांगता येत नाही. सांगितलं तर पाणी काही रागावत नाही, खालच्या माणसाच्या रानात जातं, एवढंच.

आमच्याकडे ते आवर्तन ओट्याखाली सुटतं, पाहुणे दारात असताना सुटतं, आणि मी फोनवर कुणाच्या तरी दहाव्याची चौकशी करत असताना तर हमखास सुटतं.

सासूबाईंना मी एकदा विचारलं, "आई, तुम्ही तीन पोरं वाढवली. चूल होती, पाणी आडातून ओढायचं होतं, जनावरं होती. तुम्हाला कधी वेळ मिळायचा पोरांशी खेळायला?" मला वाटलं होतं, आता जुन्या काळचं काही गोड ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "आम्ही कुठं खेळलो गं पोरांशी? पोरं त्यांची खेळायची, आम्ही आमची कामं करायचो." मग पोळपाटावरचं पीठ झटकून म्हणाल्या, "पण दिसायची सारखी. अंगणात असायची ना."

एवढंच सांगून त्यांनी विषय संपवला. मला मात्र ते दिवसभर पुरलं. कामही अंगणात आणि खेळही अंगणात. ज्वारी पाखडता पाखडता पोराचं लग्न लागताना दिसायचं, बाहुलीचं बारसं व्हायचं, कुणी कुणाला मारलं ते कळायचं. आमच्याकडे काम ओट्यापाशी, खेळ हॉलमध्ये आणि मध्ये फ्रीज. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, म्हणून त्या शाळाच पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. त्यांचं काम फार मोठं होतं. मला फक्त फ्रीजला वळसा घालायचा आहे, तरी माझ्याच्याने होत नाही.

आषाढवारीचे दिवस होते. तुकोबांची पालखी आमच्या बारामतीत मुक्कामाला असते, शारदा प्रांगणात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काटेवाडीला जाते. तिथला परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावत गोल फिरतात. पुढे बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण, आणखी पुढे इंदापूरला पुन्हा रिंगण. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. म्हणजे सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ माणसं पंढरपूरला पोचण्यासाठी निघतात आणि वाटेत मेंढ्या गोल फिरवत थांबतात. भर पावसात, गुडघे दुखत असताना, पाठीवर वळकटी असताना फुगड्या घालतात. खुद्द तुकोबांनी विटीदांडूवर, चेंडूफळीवर, हमाम्यावर आणि फुगडीवर अभंग रचले आहेत. पोचायचीच घाई असती तर बारामतीहून एसटी आहे की.

तर काटेवाडीचं रिंगण बघून आल्याला आठवडा झाला होता. मी पतसंस्थेतून घरी आले. सकाळी गच्चीवरून काढून दिवाणावर टाकलेले धुतलेले कपडे दिवाणावर नव्हते. देवघरापासून हॉलच्या दारापर्यंत ते अंथरलेले होते. मुलांच्या पप्पांचा पांढरा शर्ट, आबांची दोन धोतरं, माझी स्टार्च केलेली कॉटनची साडी, उशांचे अभ्रे. धाकटी डोक्यावर तांब्या धरून त्यांवरून येत होती. तांब्यात तुळस होती आणि थोडं पाणीही होतं, ते पावलागणिक सांडत होतं. थोरला रांगत तिच्याभोवती गोल फिरत होता आणि बें बें करत होता.

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, आणि ते बऱ्यापैकी टोकदार होते. तेवढ्यात मागून आबा रानातून आले. पायाला चिखल. त्यांनी दारातून आत बघितलं, चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. अगदी खऱ्या पालखीसमोर उभे राहतात तसे, मान जराशी खाली. सासरे हात जोडून उभे असताना सुनेने पालखीवर ओरडायचं कसं?

"मम्मी, तू गर्दी हो," मेंढरू म्हणालं.

मी गर्दी झाले. पर्स खांद्यावर तशीच होती, गर्दीत सगळ्यांच्या असते तशी. पालखी माझ्यासमोरून गेली आणि जाताना माझ्या पायावर थोडं तीर्थ सांडलं.

इथे सांगून टाकते. आजवर मला मिळालेल्या भूमिका अशा: ऊस, गर्दी, टोलनाका, आजारी म्हैस, बसस्टॉप, आणि एकदा भीमा नदी. यातल्या एकाही भूमिकेत मला हलावं लागलेलं नाही. पोरांना माझी दमणूक ओळखू येते की माझा अभिनय, ते मी विचारलेलं नाही.

मोरोपंतांना मात्र मी आमच्या घरी आणलं, तेही लाइट गेली म्हणून. करवंदीच्या जाळीसारखं दाट अंधारलेलं होतं, टीव्ही बंद, पंखा बंद, दोघांची माझ्या कुशीत ढकलाढकली चाललेली. "माझी मम्मी." "नाही, माझी." मला एकदम शाळेतल्या मराठीच्या बाईंची आणि त्यांनी शिकवलेल्या मोरोपंतांची आठवण झाली. पंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, पण आयुष्य त्यांनी आमच्या कऱ्हेकाठी काढलं, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, आणि १७९४ साली बारामतीतच देह ठेवला. लोक त्यांना अवघड कवी म्हणतात आणि परीक्षेपुरते वाचतात. पण ज्या माणसाने एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात, त्याला मी तरी अवघड म्हणणार नाही. तीच गोष्ट पुन्हा, पुन्हा, दर वेळी नवा नियम लावून, असं कोण करतं हे घरात अडीच वर्षांचं पोर असलेल्या माणसाने ओळखावं. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागता कामा नये. प, फ, ब, भ, म बाद. रामायण लिहायचं आणि राम म्हणायचं नाही!

मी दोघांना नियम सांगितला. थोरला मेणबत्ती घेऊन आरशासमोर गेला आणि एकेक शब्द तपासू लागला. मोरोपंत बाद, दोनदा. बारामती बाद. इंदापूर बाद. पप्पा साफ बाद. आबा बाद, मामा, मावशी बाद. आजी चालते! काका चालतो, आत्या चालते, दादा, ताई चालतात. सासूबाई अंधारात खूश झाल्याचं आवाजावरून कळलं.

"व चालतो का?" मी विचारलं. त्याने आरशात बराच वेळ व, व, व केलं. "ओठ दाताला लागतो," तो म्हणाला. "बाद."

मग आम्ही तशा भाषेत बोलायला लागलो आणि माझी पंचाईत झाली. पटकन बाद. लवकर बाद. आवर बाद. वेळ बाद. 'पुरे आता' बाद, 'बस झालं' बाद, 'मी काय सांगतेय' हेसुद्धा बाद. दिवसभर मी ज्या शब्दांवर घर चालवते ते सगळे ओठांतून निघतात, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. माझ्याजवळ 'चल' आणि 'घाई' एवढेच उरले आणि तेवढ्यावर कुणी उठत नाही.

मुलांची पंचाईत माझ्याहून मोठी होती. मी, मला, माझं, सगळं बाद. भांडणार कसं? धाकटीने दोनदा 'माझी' म्हणायला ओठ मिटले, थोरल्याने बाद दिलं, तेव्हा ती गप्प बसून विचार करायला लागली. आणि मम्मी तर दोन ठिकाणी बाद. लग्नाआधीपासून माझी इच्छा होती की आपली मुलं आपल्याला आई म्हणतील. व्हॅनमधल्या, शेजारच्या, टीव्हीतल्या सगळ्या मुलांपुढे ती टिकली नाही. त्या अंधारात थोरला माझ्या कानाशी आला, जरा अडखळला आणि म्हणाला, "आई, इकडे ये. साखर दे."

मी दिली. दोन चमचे दिली. दहा मिनिटांनी लाइट आली आणि मी परत मम्मी झाले.

उन्हाळ्यात आम्ही माझ्या माहेरी जातो, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या अंगाला. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी मागे पसरत आलं आणि आज भिगवण, कुंभारगावला त्या पाण्यावर रोहित पक्षी येतात म्हणून पुण्यामुंबईचे लोक मोठाल्या कॅमेऱ्यांसह येतात. आम्हीही पोरांना दाखवायला एकदा होडी केली. पप्पांनी पहाटे चारला सगळ्यांना उठवलं, दुर्बीण घेतली. पाण्याच्या मधोमध गुलाबी पंखांची रांगच्या रांग उठली तेव्हा आम्ही दोघं ओरडलो, "बघा, बघा!" पोरं होडीच्या तळाशी बघत होती. तिथे थोडं पाणी साठलं होतं आणि नावाडी ते डबड्याने उपसत होता. मग ते डबडं थोरल्याने घेतलं. परत येईपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. एक डबडं पाणी उजनीतून होडीत, एक डबडं होडीतून उजनीत. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "काय बघितलं?" तर म्हणाला, "डबडं." आमच्या ह्यांना ते बरेच दिवस लागलं होतं. पहाटे चारला उठलेला माणूस, मी समजू शकते.

माझ्या वडिलांचं आजोळ जुन्या पळसदेवचं. ते गाव धरणात गेलं. लोक वर सरकले, रस्त्याकडेला नवीन पळसदेव वसलं आणि पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ पाण्याखाली राहिलं. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात धरण पार उणे पातळीत जातं तेव्हा देऊळ उघडं पडतं, बघायला माणसं जातात, भेगाळलेल्या गाळातून चालत. आम्ही गेलो त्या वर्षी वडील पुढे झाले. साठी उलटलेला माणूस, धोतर वर खोचून, काठी न घेता. देवळापासून काही पावलं मोजून ते एका ठिकाणी थांबले. तिथे काहीच नव्हतं. गाळ, शिंपले, एक फाटकं जाळं.

"इथं गल," ते म्हणाले.

विटीदांडूची गल. त्यांनी टाच रोवून गाळात एक खळगा केला, काठीचे दोन तुकडे कुठूनतरी शोधले आणि मोठ्याने हाक दिली. आम्हाला वाटलं थोरल्याला दिली. त्यांनी मामेभावाचं, लहानपणी हाक मारायचे ते, नाव घेतलं होतं. तो मामेभाऊ मी कधी पाहिलेला नाही. थोरला मात्र लगेच गेला आणि समोर उभा राहिला. विटी तिसऱ्या प्रयत्नाला उडाली. उन्हं चढत होती, धाकटीला भूक लागली होती, डबा गाडीत राहिला होता आणि गाडी वर डांबरी रस्त्याला. मी तोंड उघडलं, आणि मग कोणत्या शब्दाने हाक मारावी ते काही सुचलं नाही.

माहेरच्या रानाशेजारी हंगामात ऊसतोडीची टोळी उतरते, बीडकडची. कोप्या घालतात. आया पहाटे चारलाच फडात गेलेल्या असतात. मागे सहा-सात वर्षांची पोर कडेवर भावंड घेऊन उभी असते. तिचं खेळायचं वय आहे हे ती सोडून सगळ्यांना दिसतं. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही नाही. हंगामाबरोबर शाळा फिरवायची हे कागदावर जितकं सोपं तितकं कोपीत नसतं. त्या पोरीने आमच्या थोरल्याला ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करून दिली. धाट सोलून चाकं, बाभळीच्या काट्यांच्या खुंट्या, जू, सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर भाऊ होता. तिला बघणारं तिथे कुणी नव्हतं. तिची आई मोळ्या बांधत होती. मी बांधावर उभी राहून बघत होते, आणि माझाही हात मोबाइलवर होता, किती वाजले ते बघायला. गाडी अजून आमच्या टीव्हीवर आहे. एक चाक धाकटीने खाल्लं.

मार्च उजाडला. कारखाने एकेक करून बंद होऊ लागले होते. सुट्टीचा दिवस, सकाळचे साडेनऊ. पोहे भिजत घातले होते, कांदा अर्धा चिरून झाला होता.

"मम्मी, तू ऊस हो."

मी गॅस बंद केला. कांद्यावर ताटली झाकली. हॉलमध्ये जाऊन चपलांच्या रांगेत, आबांच्या रबरी बुटांच्या मागे आडवी झाले.

यार्डातून घर निराळं दिसतं. पंख्याला जाळं लागलंय. सोफ्याखाली, म्हणजे गव्हाणीत, तीन वाटाणे, हरवलेला चहाचा चमचा आणि एक पिवळा मोजा आहे. धाकटीने माझे केस ओढले. ते वाढे, बैलांना घालायचे होते. मग ती वजनासाठी माझ्या पोटावर बसली. खरं तर उसाला काट्यावर ठेवतात, काट्याला उसावर नाही, पण मी तक्रार केली नाही. "किती भरला?" मी विचारलं. "शंभर," ती म्हणाली. सगळ्याच गोष्टी सध्या शंभर भरतात.

"नंबर कितवा आहे माझा?"

"दहावीस," थोरला म्हणाला. निदान कारभार सातत्याचा आहे.

मग खाली रस्त्यावर जेसीबी आला. खराखुरा, पिवळा, धडधडत. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ओढणीसकट गॅलरीत धावले. मी वाट बघितली. बाहेरच्या उन्हाची एक पट्टी फरशीवरून सरकत माझ्या कोपरापर्यंत आली. दुधाची पिशवी टाकणारा येऊन गेला. शेजारच्या घरात कुणीतरी लसूण ठेचत होतं.

"माझा नंबर आला का रे?" मी हाक मारली.

गॅलरीतून, मागे न बघता, उत्तर आलं, "कारखाना बंद झाला."

"आणि माझा ऊस?"

"शिल्लक राहिला."

सासूबाई केरसुणी घेऊन आल्या. मला बघून थांबल्या. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग त्यांनी आबांचे बूट तसेच ठेवले, चपलांची रांग तशीच ठेवली, लुगड्याचा काठ जरा उचलून धरला आणि माझ्या बाजूबाजूने झाडत पुढे गेल्या.